दोन्ही भोकांत पेटणारा टेस्टर: नव्या सॉकेटनंतर बंद पडलेल्या एका बोर्डाचा प्रकरण अभ्यास

साताऱ्यातील माझ्या थोरल्या बहिणीचे घर १९८६ साली बांधलेल्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आहे. घरातील वायरिंग इमारतीइतकेच जुने असून भिंतीतल्या पाइपांतून ओढलेल्या तांब्याच्या वायरी त्या काळच्या ‘तीन वीस’ मापाच्या आहेत. वायरमन मंडळी अजूनही हेच माप बोलतात. वीस गेजच्या तीन तारा एकत्र पिळलेली ही वायर असते आणि तिचा छेद आजच्या हिशोबाने साधारण २ चौरस मिलिमीटर भरतो. स्वयंपाकघरातील ओट्याच्या वर लाकडी पेटीत बसवलेला एक बोर्ड आहे. त्याच्या तोंडावर काळ्या बेकेलाइटची शीट असून तिच्यावर दिव्याचे व पंख्याचे बटण, ६ ॲम्पिअरचे एक तीन पिनी सॉकेट आणि त्याचे बटण आहे. या बोर्डापासून पुढे एक लूप, म्हणजे इथूनच पुढे वीज नेणाऱ्या वायरी, पलीकडच्या भिंतीवरील फ्रीजच्या बोर्डाकडे जातो. या लूपचे महत्त्व घरात कोणालाच माहीत नव्हते आणि साऱ्या प्रकरणाची गाठ नेमकी तिथेच होती.

गेल्या श्रावणात ओट्यावरच्या सॉकेटमधील पिन सैल बसू लागली. किटलीची पिन काढताना ती हाताला गरम लागे आणि सॉकेटचे एक भोक कडेने तपकिरी झाले होते. बहिणीच्या मुलाने, म्हणजे माझ्या भाच्याने, रविवारी सकाळी नवे सॉकेट आणून बसवले. तो यंत्र अभियांत्रिकीची पदविका करतो आहे आणि त्याचा हात चांगला आहे. मेन बंद केल्याशिवाय त्याला बोर्डाला हात लावायचा नाही, हा ताईचा दंडक होता आणि त्याने तो पाळला. सॉकेट चालू झाले, पिन घट्ट बसू लागली आणि विषय संपला असे सर्वांना वाटले.

अकराव्या दिवशी, गुरुवारी सकाळी, चहासाठी पाणी उकळत असताना किटली मध्येच बंद पडली. किटली दुसऱ्या खोलीत लावून पाहिली तर ती चालू होती, म्हणजे बिघाड सॉकेटचा, असा निष्कर्ष निघाला. शुक्रवारी भाच्याने आणखी एक नवे सॉकेट आणून बसवले. तेही बंद! टेस्टर लावला तर उजव्या भोकात पेटला, आणि डाव्या भोकातही पेटला. तेव्हा त्याने मला फोन केला. “मामा, दोन्हीकडे करंट दाखवतंय, पण काहीच चालत नाही. सॉकेट आतून शॉर्ट असेल का?” मी त्याला बोर्डाचा एमसीबी, म्हणजे प्रवाह फार वाढला की आपोआप पडणारे संरक्षक बटण, बंद करून ठेवायला आणि मी येईपर्यंत कशालाही हात न लावायला सांगितले. वायरमनच्या व्यवसायात मी आयुष्याची बरीच वर्षे घालवली आहेत, आणि फोनवरची ती दोन वाक्ये ऐकून मला पहिली भीती वाटली ती भाच्याच्या बोटांची.

ती भीती कशासाठी, हे सांगितल्याशिवाय पुढची तपासणी समजणार नाही. आपल्या घरातल्या पुरवठ्यात फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्ये सुमारे २३० व्होल्टचा दाब असतो, आणि न्यूट्रल रोहित्राजवळ जमिनीला जोडलेले असल्यामुळे त्याचा जमिनीच्या मानाने दाब जवळपास शून्य असतो. उपकरणातून प्रवाह वाहण्यासाठी फेजकडून येणारी वाट आणि न्यूट्रलकडे परत जाणारी वाट या दोन्ही अखंड असाव्या लागतात. परतीची वाट कुठेतरी तुटली, तर उपकरण बंद पडते, परंतु त्याच्या आतील वेटोळे किंवा तापणारी तार अखंडच असते, आणि त्या तारेतून फेजचा दाब उपकरणाच्या दुसऱ्या टोकापर्यंत, तिथून न्यूट्रलच्या वायरीवर, आणि त्या वायरीतून तुटलेल्या जागेपर्यंत पोचतो. म्हणजे ज्या वायरीला आपण ‘थंड’ समजतो तीच पूर्ण दाबाने जिवंत होते. १५०० वॅटच्या किटलीच्या तारेचा रोध सुमारे ३५ ओहम असतो. माणसाच्या शरीराचा रोध १००० ओहम धरला आणि अशा न्यूट्रलला हात लागला, तर ०.२ ॲम्पिअरपेक्षा जास्त प्रवाह शरीरातून जमिनीकडे जाईल. घरात बसवायच्या आरसीसीबीने ०.०३ ॲम्पिअर गळतीला पुरवठा तोडावा अशी अपेक्षा असते. यावरून हा आकडा किती घातक आहे ते लक्षात यावे. त्या घरात आरसीसीबी नव्हता.

शनिवारी संध्याकाळी मी पोचलो तेव्हा हत्यारांची पेटी न उघडता आधी विचारपूस केली. बिघाड शोधताना घरच्यांनी सहज सांगितलेली एखादी गोष्ट मल्टिमीटरपेक्षा जास्त उपयोगी पडते, असा माझा अनुभव आहे. एमसीबी बंद करेपर्यंत दिवा आणि पंखा चालू होते. त्यांचे बटण त्याच बोर्डावर असले तरी त्यांचे न्यूट्रल छतातून वेगळे आलेले होते. एमसीबी आपणहून पडला नव्हता. मग ताई म्हणाली, “आणि नेमकं याच वेळी फ्रीजही बिघडलाय बघ. दोन दिवस झाले, दूध नासलं. सोमवारी मेकॅनिक येणार आहे.” किटली आणि फ्रीज या दोन घटना तिच्या मनात वेगवेगळ्या होत्या, कारण एक ओट्यावर घडली होती आणि दुसरी पलीकडच्या भिंतीशी, शिवाय फ्रीज बंद पडल्याचे गुरुवारी दुपारी लक्षात आले होते. मी एमसीबी चालू केला आणि फ्रीजचे दार उघडून पाहिले. आतला दिवा लागत नव्हता. फ्रीज जुना, साध्या थर्मोस्टॅटचा आहे आणि त्यातला दिवा साधा बल्बच आहे. कॉम्प्रेसर बिघडला असता तरी तो दिवा लागला असता. फ्रीज बिघडलेला नव्हता, त्याला वीजच मिळत नव्हती. नवे सॉकेट बसवल्यानंतर अकरा दिवसांनी दोन ठिकाणचा पुरवठा एकाच सकाळी गेला असेल, तर तो बिघाड त्या दोन्ही ठिकाणांना सामाईक असलेल्या वाटेवर असणार, हे तिथेच जवळपास ठरले.

आता टेस्टरकडे वळतो. घराघरात असलेल्या या पेचकसाच्या टेस्टरवर लोकांचा फार विश्वास असतो, आणि तो नेमका काय सांगतो हे फार थोड्यांना ठाऊक असते. त्यात एक लहानसा निऑनचा दिवा आणि त्याच्याशी मालिकेत लाखो ओहमचा रोध असतो. टोक जिवंत जागी टेकवून मागच्या टोपीवर बोट ठेवले की अत्यंत क्षीण प्रवाह दिव्यातून, आपल्या शरीरातून जमिनीकडे जातो आणि दिवा पेटतो. म्हणजे टेस्टर फक्त इतकेच सांगतो की या जागी जमिनीच्या मानाने दाब आहे. ती वायर फेजची आहे, तिच्यामागे भार पेलण्याइतकी चांगली जोडणी आहे, परतीची वाट शाबूत आहे, यांतले काहीही तो सांगत नाही. फ्रीजच्या कॉम्प्रेसरमधील वेटोळ्याचा रोध टेस्टरच्या रोधापुढे नगण्य असल्यामुळे, वेटोळ्यातून फिरून आलेला दाबही टेस्टरला थेट फेजसारखाच दिसतो आणि दिवा तितकाच तेजस्वी पेटतो. भाच्याला दोन्ही भोके सारखीच दिसली, त्यात त्याची चूक नव्हती.

एमसीबी आता चालू होताच. सॉकेटमध्ये काहीही लावलेले नाही याची मी खात्री केली आणि सॉकेटचे बटण बंद ठेवले. उजवे भोक अंधारे राहिले, ते योग्यच होते. डावे भोक मात्र पेटले. बटण बंद, पिन काढलेली, तरीही न्यूट्रलच्या भोकात दाब! कोणी एमसीबी न पाडता केवळ बटण बंद करून सॉकेट उघडले असते, तर त्याच्या बोटांशी २३० व्होल्ट आले असते. ताईचा मेन बंद करण्याचा दंडक शुक्रवारी किती कामी आला, हे मी तिला तिथल्या तिथे सांगितले. मग भाच्याला फ्रीजची पिन काढायला सांगितली आणि टेस्टर डाव्या भोकातच धरून ठेवला. पिन निघताक्षणी दिवा विझला. पिन परत लावली, पेटला. पुन्हा काढली, विझला. या एका कृतीने तीन गोष्टी सिद्ध झाल्या. डाव्या भोकातला दाब फ्रीजमधून फिरून येत होता, म्हणून फ्रीजकडे जाणारा फेज शाबूत होता. फ्रीजचे न्यूट्रल आणि ओट्यावरच्या सॉकेटचे न्यूट्रल एकमेकांना जोडलेले होते, म्हणून त्या दोघांमधला लूप शाबूत होता. आणि त्या दोघांचे मिळून मुख्य न्यूट्रलशी असलेले नाते तुटलेले होते. सॉकेटमध्ये शॉर्ट नव्हताच, कारण तसे असते तर बटण बंद असतानाही डाव्याबरोबर उजवे भोकही पेटले असते. एमसीबी प्रवाह वाढला तर पडतो. वाट तुटल्यावर प्रवाह शून्य होतो, आणि शून्य प्रवाहाला पडण्याची तरतूद त्यात नसते.

मीटरने हेच आकड्यांत दिसले. फ्रीजची पिन लावलेली आणि सॉकेटचे बटण चालू असताना फेज व अर्थ यांच्यामध्ये २२८ व्होल्ट, न्यूट्रल व अर्थ यांच्यामध्येही जवळपास तितकेच, आणि फेज व न्यूट्रल यांच्यामध्ये जेमतेम एखादा व्होल्ट मिळाला. फ्रीजची पिन काढल्यावर मात्र फेज व न्यूट्रल यांच्यामध्ये सत्तरच्या आसपास हेलकावणारा आकडा दिसला. तो खरा पुरवठा नव्हे. डिजिटल मीटरचा अंतर्गत रोध फार मोठा असल्यामुळे शेजारून जाणाऱ्या जिवंत वायरीमुळे लोंबकळत्या वायरीवर आलेला फसवा दाबही तो इमाने दाखवतो. अशा वेळी जुन्या पद्धतीचा टेस्ट लॅम्प, म्हणजे होल्डरमध्ये बसवलेला साधा तारेचा बल्ब आणि त्याच्या दोन वायरी, जास्त खरे बोलतो. त्याला पेटण्यासाठी खरा प्रवाह लागतो. मी तो फेज आणि न्यूट्रलमध्ये लावला. तो लागला नाही.

इथे एका सल्ल्याचा उल्लेख केला पाहिजे. शुक्रवारी एका ओळखीच्या गृहस्थांनी भाच्याला सांगितले होते की न्यूट्रल येत नसेल तर अर्थिंगच्या वायरीतून न्यूट्रल घे, लगेच चालू होईल. असा सल्ला मी अनेक घरांत ऐकला आहे, अनेक घरांत तो अमलात आणलेलाही पाहिला आहे, आणि दर वेळी माझ्या अंगावर काटा येतो. उपकरण चालू होते हे खरे. पण अर्थची वायर ही भार वाहण्यासाठी नाही. फ्रीज, गीझर, मिक्सर यांच्या धातूच्या अंगांना ती जोडलेली असते. तिच्यातून किटलीचा साडेसहा ॲम्पिअर प्रवाह सोडला आणि जमिनीतल्या अर्थिंगचा रोध ५ ओहम असला, तरी घरातल्या साऱ्या धातूच्या अंगांवर ३० व्होल्टच्या आसपास दाब येतो. ती अर्थची वायर वाटेत कुठे सुटलेली असली, तर किटली लावताक्षणी फ्रीजच्या दारावर पूर्ण २३० व्होल्ट येतात, आणि स्वयंपाकघरात त्या दाराला ओला हात लागणे ही रोजची गोष्ट आहे. भाच्याने तो सल्ला ऐकला नाही, माझी वाट पाहिली, याबद्दल मी त्याचा ऋणी आहे.

यानंतर मेन बंद केला, फेज व अर्थ यांच्यामध्ये टेस्ट लॅम्प लावून पुरवठा खरोखर गेल्याची खात्री केली आणि बोर्डाची शीट उघडली. शीटच्या चार कोपऱ्यांतील स्क्रूंपैकी दोनच पकडत होते. बाकी दोघांची लाकडातील घरे झिजून मोठी झाली होती. पिन काढता-घालताना अख्खी शीट पुढेमागे हलत होती. ही बाब क्षुल्लक वाटते, पण ती लक्षात ठेवावी.

सॉकेटच्या मागे डाव्या-उजव्या बाजू उलट दिसतात, म्हणून खुणा वाचूनच पाहिले. फेज, न्यूट्रल, अर्थ आपापल्या जागी बरोबर होते. न्यूट्रलच्या भोकात दोन काळ्या वायरी होत्या, एक वितरण पेटीकडून आलेली आणि एक फ्रीजकडे जाणारी. दोन्हींवरचा स्क्रू चांगला आवळलेला होता. ओढून पाहिल्या तर दोन्ही घट्ट होत्या. डोळ्यांना दोष दिसत नव्हता. भाचा म्हणाला, “हेच मीही पाहिलं, मामा. म्हणून तर सॉकेटच खराब वाटलं.”

दोन्ही वायरी सोडवून आलेल्या न्यूट्रलची अखंडता तपासायची होती, आणि तिचे दुसरे टोक दाराजवळच्या वितरण पेटीत होते. मी आधी पेटीतल्या न्यूट्रल लिंकवरचे, म्हणजे सगळी न्यूट्रल जिथे एकत्र जोडलेली असतात त्या पट्टीवरचे, स्क्रू पाहिले, ते घट्ट होते. मग ती वायर लिंकमधून काढून तिला एक लांब सुटी वायर जोडली, ती वायर जमिनीवरून स्वयंपाकघरापर्यंत आणली आणि तिचे टोक व बोर्डातील काळ्या वायरीचे टोक यांना मीटर लावला. वाट अखंड असती तर मीटर वाजला असता, पण आवाज नाही. वाट तुटलेली. आता ती पाइपात कुठे तुटली आहे की इथेच, हा प्रश्न होता. पाइपातली वायर बदलायची म्हणजे जुन्या इमारतीत दिवसाचे काम, कारण पाइपात जागा उरलेली नसते. मी मीटर तसाच लावून ठेवला आणि काळ्या वायरीचे टोक बोटांनी हळूहळू वाकवत मागे सरकत गेलो. टोकापासून साधारण दीड सेंटिमीटरवर वायर वाकवली तेव्हा मीटर एकदा क्षणभर वाजला आणि गप्प झाला. पुन्हा वाकवली, पुन्हा तुटक आवाज आला. त्या जागी काळे वेष्टन वरून अखंड होते, फक्त जरासे मऊ पडल्यासारखे आणि चकाकी गेलेले.

मी वायर तीन सेंटिमीटर मागे कापली. कापलेल्या नव्या टोकाला मीटर लावला तर ०.६ ओहम. पेटीपासून बोर्डापर्यंतची वायर छतातून फिरून सुमारे १४ मीटर भरते. २ चौरस मिलिमीटरच्या तांब्याचा तेवढ्या लांबीचा रोध ०.१२ ओहमच्या आसपास येतो आणि उरलेला माझ्या सुट्या वायरीचा व मीटरच्या वायरींचा होता. म्हणजे पाइपातली वायर निर्दोष होती. मला फार हायसे वाटले.

कापलेला तुकडा आम्ही टेबलावर घेऊन पात्याने उभा चिरला. आतल्या तीन तारांपैकी दोन सरळ, स्वच्छ रेषेत तुटलेल्या होत्या आणि तुटलेल्या तोंडांवर अर्ध्या जाडीपर्यंत पात्याच्या खाचेची खूण होती. तिसरी तार त्याच जागी निमुळती होऊन काळवंडली होती आणि तिच्या टोकाला वितळून झालेला बारीक मणी होता. भाच्याला विचारले की साल कशाने काढले होते. त्याने कागद कापायचे कटर आणून दाखवले. बोर्डातून बाहेर आलेल्या वायरीवर पाते टेकवून ते तिच्याभोवती गोल फिरवले होते, म्हणजे वेष्टन एका वर्तुळात कापले जाते आणि सुटे होऊन निघते. असे करताना पाते किती खोल गेले हे कळत नाही. त्याच वर्तुळात तांब्यावरही खाच पडते, आणि तीन वीसच्या जाड तारा अशा खाचेवर दोन-चार वेळा वाकवल्या की तुटतात. पेन्सिलला टोक करताना पाते जसे तिरके धरतो, तसे धरून वेष्टन तासत काढायचे असते, किंवा त्या मापाचे साल काढायचे हत्यार वापरायचे असते. व्यवसायात शिकाऊ मुलांना हे पहिल्याच आठवड्यात शिकवले जाते आणि कारण सांगायचे मात्र बहुधा राहून जाते.

आता अकरा दिवसांची गोष्ट उलगडली. रविवारी सॉकेट बसवून वायरी पेटीत ढकलताना खाचेवर दोन तारा बहुधा तिथेच तुटल्या, किंवा तुटायला आल्या. वेष्टन थोडे सरकून तुटक्या जागेवर आले असल्याने वरून काही दिसले नाही. एका तारेवर किटली आणि फ्रीज दोन्ही चालू राहिले, कारण बिनखाचेची एक तारही तेवढा प्रवाह काही काळ सोसते. परंतु त्या तारेलाही खाच होती आणि तिथला छेद कमी असल्याने त्या एका जागी उष्णता जास्त निर्माण होत होती. दिवसातून चार-पाच वेळा पिन काढली-घातली की सैल शीट हलत होती, शीटबरोबर सॉकेट हलत होते आणि सॉकेटबरोबर ती तार खाचेवर वाकत होती. गुरुवारी किटलीचा साडेसहा ॲम्पिअर आणि त्याच वेळी सुरू झालेल्या कॉम्प्रेसरचा झटका, जो चालू प्रवाहाच्या कितीतरी पट असतो, असे दोन्ही तिच्यावर आले असावेत. तार तुटली, तुटताना ठिणगी पडली आणि मणी झाला. शुक्रवारी भाच्याने दुसरे सॉकेट बसवताना वायरीचे तेच टोक पुन्हा वापरले, कारण ते टोक व्यवस्थित दिसत होते. वायरींच्या बाबतीत जिथे वेष्टन अखंड दिसते तिथे आतली तार अखंड असेलच असे नाही, आणि ओढून पाहिल्यावर जे घट्ट लागले ते वेष्टनच होते.

सॉकेट दोन वेळा बदलले गेले, आणि दोन्ही निर्दोष होते. मी दोघांच्याही पट्ट्या मीटरने तपासल्या. नवीन वस्तू बसवल्यावर बिघाड झाला की संशय वस्तूवर जातो, आणि बदलताना हाताळलेल्या जुन्या वायरीच्या टोकावर कोणी संशय घेत नाही. पण त्या रविवारी बोर्डात खरा बदल झाला होता तो त्या टोकातच. म्हणून अशा ठिकाणी नवे सॉकेट आणण्याआधी वायर मागे कापून नवे टोक काढावे, हे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

ताईने विचारले, “न्यूट्रल तुटलं की घरातलं सगळं जळतं म्हणतात. मग आपलं काही कसं जळलं नाही?” तिचा प्रश्न योग्य होता. इमारतीला तीन फेजचा पुरवठा येतो आणि निरनिराळी घरे निरनिराळ्या फेजवर वाटलेली असतात. इमारतीचे सामाईक न्यूट्रल तुटले, तर दोन घरांची उपकरणे दोन फेजांच्या मध्ये मालिकेत जोडल्यासारखी होतात आणि ज्या घरात भार कमी, तिथे दाब ३०० व्होल्टच्याही पुढे जाऊ शकतो. टीव्ही आणि फ्रीज जळतात ते अशा वेळी. इथे तुटलेली वायर एका घरातल्या, एका फेजच्या, एका फाट्यावरची होती. तिच्यावर दाब वाढण्याचे कारण नव्हते. धोका होता तो फक्त माणसाला, आणि तो सांगायला कोणताही आवाज किंवा वास नव्हता.

दुरुस्तीत मुख्य अडचण वायरीच्या लांबीची झाली. तीन सेंटिमीटर कापल्यावर काळी वायर सॉकेटपर्यंत ताणून पोचत होती, आणि ताणलेली वायर पुन्हा तुटते. म्हणून आलेले न्यूट्रल, फ्रीजकडे जाणारे न्यूट्रल आणि २.५ चौरस मिलिमीटर तांब्याच्या नव्या वायरीचा वीतभर तुकडा, असे तिन्ही एका पोर्सलिनच्या कनेक्टरमध्ये आवळले आणि तो तुकडा सॉकेटला नेला. यामुळे फ्रीजची परतीची वाट आता सॉकेटच्या स्क्रूवरून जात नाही. उद्या सॉकेट काढले तरी फ्रीज चालू राहील. फेजच्या आणि अर्थच्या वायरींचीही टोके कापून नवी केली, कारण त्याही त्याच कटरने सोललेल्या होत्या. फेजच्या वायरीत एक तार खाचेवर तुटलेली निघाली. ती आणखी किती दिवस टिकली असती, याचा अंदाज करत बसलो नाही. शीटच्या कोपऱ्यांत लाकडाच्या खुंट्या ठोकून चारही स्क्रू पक्के बसवले.

मूळ दुखणे अजून बाकी होते. पहिले सॉकेट तपकिरी का झाले? ६ ॲम्पिअरच्या सॉकेटची मर्यादा २३० व्होल्टला १३८० वॅट होते. ताईची किटली १५०० वॅटची आहे आणि तिची पिन बारीक असल्याने ती त्या सॉकेटमध्ये बसते, एवढ्यावरून ती तिथे चालेल असे सर्वांनी धरले होते. रोज थोडा जास्त भार, त्याने तापून सैल झालेल्या पट्ट्या, सैलपणामुळे वाढलेला रोध आणि त्यामुळे आणखी उष्णता, असे ते चक्र बरेच दिवस चालले होते. नवे सॉकेटही त्याच वाटेने गेले असते. किटली आता वॉशिंग मशीनसाठी ओढलेल्या पॉवर पॉइंटवर लावली जाते. तिथे जाड वायर आहे आणि बारीक व मोठी दोन्ही पिना घेणारे १६ ॲम्पिअरचे सॉकेट आहे. स्वयंपाकघराच्या फाट्यावरचा १६ ॲम्पिअरचा एमसीबी काढून १० चा बसवला, कारण जुन्या तीन वीस वायरीला आणि तिच्यावरच्या सहाच्या सॉकेटला १६ हे संरक्षण ढिले पडते.

पुरवठा सुरू करून फेज-न्यूट्रल २२९, फेज-अर्थ २२८ आणि न्यूट्रल-अर्थ साधारण १ व्होल्ट अशी नोंद घेतली. एवढ्यासाठी किटली पुन्हा ओट्यावरच्या सॉकेटला लावून पूर्ण भारावर पाणी उकळेपर्यंत चालवली. त्या वेळी न्यूट्रल-अर्थचा आकडा २ व्होल्टच्या आत राहिला. किटली बंद करून पिन काढल्यावर तिला हात लावून पाहिले, ती कोमट होती. बटण बंद ठेवून डाव्या भोकात टेस्टर धरला. फ्रीज मागे गुणगुणत होता आणि टेस्टर अंधारा होता. भाच्याने स्वतःच्या हाताने तो दोनदा लावून पाहिला.

आरसीसीबी बसवण्यासाठी पेटी बदलावी लागेल आणि फ्रीजसाठी स्वतंत्र वायर पाइपाबाहेरून पट्टीतून न्यावी लागेल. ही दोन्ही कामे परवानाधारक ठेकेदाराकडून दिवाळीआधी करून घ्यायची असे त्या संध्याकाळी ठरले. आरसीसीबीने हा बिघाड टळला नसता, हे मी ताईला स्पष्ट सांगितले, कारण वाट तुटल्याचे त्याला कळत नाही. मात्र त्या जिवंत न्यूट्रलला जमिनीवर उभ्या माणसाचा हात लागला असता, तर त्याने पुरवठा तोडला असता. सोमवारच्या फ्रीज मेकॅनिकला ताईने माझ्यासमोरच फोन करून येऊ नका म्हणून कळवले.